शंभरावें पद

गणितांतील कांहीं प्रकरणें कठिण म्हणून विद्यार्थ्यांच्या लक्षांत राहतात, तर कांहीं सोपीं म्हणून विसरलीं जातात. दहावीच्या पुस्तकांतील अंकगणिती श्रेढीचें प्रकरण या दुसऱ्या वर्गांत मोडतें, असें आमच्या वीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस दिसून आलें आहे. सूत्र लहान, उदाहरणें सरळ, गुण हमखास; तेव्हां परीक्षेच्या दिवशीं तें म्हणावयाचें आणि परीक्षा संपतांच सोडून द्यावयाचें, अशी वहिवाटच पडून गेली आहे. या लहानशा सूत्रानें आमच्या घरावरचें एक संकट एकदां टाळलें आहे. म्हणून त्याविषयीं दोन शब्द या वार्षिकांत लिहावे, असें मनांत आलें. विद्यार्थी हा लेख वाचतीलच. पण त्यांच्या आईबापांनींही तो वाचावा, अशी आमची विनंति आहे. कारण यांत बीजगणित थोडें असून घरच्या हिशेबाचा भाग अधिक आहे.

प्रथम श्रेढी म्हणजे काय तें पाहूं. ५, ८, ११, १४, १७ अशी संख्यांची रांग घ्या. यांत प्रत्येक संख्या आपल्या मागच्या संख्येहून ३ नें मोठी आहे. अशा रांगेस अंकगणिती श्रेढी म्हणतात. रांगेंतील प्रत्येक संख्या हें एक पद. दर पदास जी सारखी वाढ होते ती सामान्य फरक. जुन्या संस्कृत ग्रंथांत या फरकास ‘चय’ असें सुटसुटीत नांव आहे, तेंच आम्ही येथें वापरूं. वाढीच्या ऐवजीं घट असली तरी श्रेढी ती श्रेढीच. मात्र तेथें चय ऋण होतो, एवढाच भेद.

आतां कोणीं विचारलें कीं, या श्रेढीचें शंभरावें पद कोणतें, तर काय करावें? एक उपाय असा कीं, तीन तीन मिळवीत शंभर पदें लिहून काढावीं. उत्तर मिळेल, यांत शंका नाहीं. परंतु मध्यें एके ठिकाणीं हात चुकला तर पुढचीं सारीं पदें चुकतील, आणि चूक कोठें झाली तें सहसा कळणार नाहीं. शिवाय उद्यां कोणीं हजारावें पद विचारलें तर आजच्या श्रमाचा फारसा उपयोग होणार नाहीं. दुसरा उपाय असा कीं, पहिल्या पदापासून शंभराव्या पदापर्यंत पोंचावयास पावलें किती टाकावीं लागतात, एवढेंच मोजावें.

येथेंच बहुतेक विद्यार्थी घसरतात. वर्गांत हा प्रश्न घातला कीं, निम्म्या वह्यांत ३०५ हें उत्तर येतें. शंभर पदें, दर पदास तीन, म्हणून तीनशें; त्यांत आरंभींचे पांच मिळविले, झाले तीनशें पांच! विचार वरवर पाहतां बिनचूक वाटतो. अशा वेळीं आम्ही मुलांस आपला हात पुढें करावयास सांगतों. बोटें किती? पांच. बोटांमधल्या फटी किती? चार. शेताच्या बांधावर एका सरळ रेषेंत बारा खांब रोंवले तर त्यांच्यामधलीं अंतरें अकरा भरतात. पदें हे खांब आहेत, आणि चय हा खांबांमधल्या अंतराचा धर्म आहे. पहिल्या खांबाशीं तर आपण उभेच असतों. तेथें पोंचावयास पाऊल उचलावें लागत नाहीं. तेव्हां शंभराव्या पदापर्यंत पावलें नव्याण्णव. नव्याण्णव त्रिक दोनशें सत्याण्णव, त्यांत पांच मिळविले, म्हणजे ३०२. हेंच शंभरावें पद होय.

जें शंभरास लागू तें कोणत्याही क्रमांकास लागू. पहिल्या पदास ‘अ’ म्हणूं, चयास ‘च’ म्हणूं आणि पदाच्या क्रमांकास ‘न’ म्हणूं. मग

न-वें पद = अ + (न − १) × च

असें सूत्र सिद्ध होतें. आमच्या श्रेढींत तें ५ + (न − १) × ३, म्हणजेच ३न + २ असें होतें. पुष्कळ मुलें विचारतात कीं, श्रेढींत कोठेंही नसलेला हा २ आला कोठून? प्रश्न उत्तम आहे. आरंभाच्या ५ च्याही मागें एक पाऊल टाकलें तर आपण २ वर येतों. न पावलें टाकावयाचीं असतील तर आरंभ एक पाऊल मागून केला पाहिजे. तो मागचा आरंभ म्हणजे हा २. सूत्र दोन प्रकारें लिहिलें तरी हिशेब एकच आहे.

या सूत्राचा आणखी एक गुण आहे, आणि आमच्या मतें तोच मोठा. तें पुढें चालतें तसेंच उलटही चालतें. २०० ही संख्या या श्रेढींत आहे काय? २०० मधून ५ वजा केले, १९५ राहिले. तिहींनीं भागले, ६५ पावलें आलीं. तेव्हां २०० हें सहासष्टावें पद. आणि २०१? वजाबाकी १९६, तिला तिहींनीं निःशेष भाग जात नाहीं. म्हणून २०१ या रांगेंत कधींही येणार नाहीं, श्रेढी कितीही लांबविली तरी येणार नाहीं. म्हणजे कोणत्या स्थानीं कोण उभा आहे हें सूत्र सांगतें; कोण कोणत्या स्थानीं उभा आहे हेंही सांगतें; आणि रांगेंत ज्याची जागाच नाहीं असा कोणी आंत शिरूं पाहील तर त्यासही ओळखून काढतें.

हा विचार आजकालचा नव्हे. सन १८५८ मध्यें अलेक्झांडर हेन्री ऱ्हाइंड या स्कॉच गृहस्थानें मिसर देशांत एक जुना पपायरस विकत घेतला. तो हल्लीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. इ. स. पूर्वीं १५५० च्या सुमारास आहमोस नांवाच्या लेखकानें तो त्याहून जुन्या एका ग्रंथावरून उतरून घेतला होता. त्यांत एक उदाहरण असें आहे: दहा मापें जव दहा माणसांत वांटावयाचे, पण प्रत्येकाचा वांटा पुढच्याच्या वांट्याहून एक अष्टमांश मापानें कमी असला पाहिजे. आहमोसाची रीति अशी: सरासरी वांटा एक माप, फरकाचें अर्ध म्हणजे एक षोडशांश, तें नऊ वेळां घेऊन सरासरींत मिळवावें, म्हणजे सर्वांत मोठा वांटा एक पूर्णांक नऊ षोडशांश येतो, त्यांतून एकेक अष्टमांश कमी करीत जावें. माणसें दहा, पण गुणक नऊ! बोटें आणि फटी यांतला भेद साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या लेखकास पक्का ठाऊक होता.

आपल्या देशांत भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या लीलावती ग्रंथांत ‘श्रेढीव्यवहार’ या नांवाचें प्रकरणच आहे. तेथें पहिल्या पदास आदि किंवा मुख, फरकास चय, पदांच्या संख्येस गच्छ आणि शेवटच्या पदास अन्त्यधन अशीं नांवें आहेत. नियम असा कीं, गच्छांतून एक वजा करावा, बाकीस चयानें गुणावें आणि त्यांत आदि मिळवावा, म्हणजे अन्त्यधन येतें. आमचें वरील सूत्र तें हेंच. केवळ अक्षरांचा वेष निराळा. त्यांच्या एका उदाहरणांत एक दाता पहिल्या दिवशीं चार द्रम्म दान करतो आणि पुढें दररोज पांच पांच वाढवीत जातो. तर पंधरवड्यांत त्यानें किती दिलें? पंधराव्या दिवशींचें दान ४ + १४ × ५, म्हणजे ७४ द्रम्म. पहिल्या व शेवटच्या दिवसाची सरासरी ३९, आणि पंधरा दिवसांचें एकंदर दान ५८५. पहा, एकंदर काढावयाचें तरी आधीं शेवटचें पद हातीं लागावें लागतें. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरितां मठ स्थापिला, असें सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. गणिताच्या पाठशाळेसाठीं दगडावर लेख कोरला गेला, ही गोष्ट गणितास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एकदां तेथें जाऊन पाहण्यासारखी आहे.

आतां घरची हकीकत सांगतों. ती सन १९९५ मधील आहे. आमचे वडील दीर्घ दुखण्यानंतर वारले होते. आई एका वसतिगृहांत स्वयंपाकाचें काम करी. तिला अक्षरओळख नव्हती. दुखण्याच्या खर्चापायीं तिनें गांवांतील एका सावकाराकडून ६,००० रुपये दरमहा शेंकडा दोन व्याजानें घेतले होते. ठराव असा कीं, दरमहा मुद्दलापैकीं ३०० रुपये आणि राहिलेल्या मुद्दलावरील व्याज असें मिळून द्यावें, आणि वीस महिन्यांत कर्ज फेडावें. पहिल्या महिन्याचें व्याज १२० रुपये, म्हणून पहिला हप्ता ४२०, पुढच्या महिन्यांत मुद्दल ३०० नें घटलें, व्याज ६ नें घटलें, म्हणून हप्ता ४१४, मग ४०८, याप्रमाणें. ही उतरती श्रेढी झाली. तिचा चय उणे ६. आईस श्रेढी हा शब्द माहीत नव्हता. परंतु दर महिन्यास सहा रुपये कमी द्यावयाचे, हें तिला चांगलें ठाऊक होतें. हप्ता देऊन आली कीं ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढी.

दिवाळीच्या सुटींत आम्ही घरीं होतों. नुकतेंच वर्गांत हें प्रकरण शिकवून झालें होतें. आई हप्ता देण्यास निघाली, तेव्हां तिच्याबरोबर आम्हीही गेलों. सावकारानें खतावणी उघडली, बोट फिरविलें आणि म्हणाला, “बाई, तीनशें बहात्तर.” आई घुटमळली. ती हळूच म्हणाली, “शेटजी, हा आंकडा तर मीं मागंच भरला. अकरा झाले माजे, हा बारावा.” सावकार म्हणाला, “तुझी आठवण खरी कीं माझी वही खरी?” दुकानांत बसलेलीं दोन-चार माणसें हंसलीं. आईपाशीं पावती नव्हती. तिच्या रेघा घरच्या भिंतीवर होत्या, आणि कोळशाच्या रेघांस दुकानांत कोण विचारतो?

आम्हीं तेथेंच मनांत हिशेब मांडला. ४२० मधून ३७२ वजा केले, ४८ राहिले. अठ्ठेचाळिसास सहांनीं भागलें, आठ आले. आठ पावलें, म्हणजे नववें पद. बारावें पद पाहिजे तर ४२० − ११ × ६, म्हणजे ३५४. मग आम्हीं सावकारास विचारलें, “शेटजी, आपल्या खतावणींत आईच्या नांवावर आठच हप्ते जमा आहेत काय?” त्यानें मोजून पाहिले. आठच होते. तो आमच्याकडे पाहूं लागला. कारण वही त्याच्या हातीं होती, आम्हांला ती दिसतही नव्हती. आम्हीं म्हटलें, “आईनें अकरा दिले आहेत. नववा, दहावा आणि अकरावा असे तीन हप्ते कोठें लिहिले आहेत, तेवढें पहावें.”

या तीन महिन्यांत सावकार बाहेरगांवीं होता, आणि पैसे त्याच्या दिवाणजीनें घेतले होते. हें आईनें सांगितलें. तेव्हां रोजकीर्द काढण्यांत आली. तींत त्या त्या तारखांस ३७२, ३६६ आणि ३६० अशा तीनही रकमा लिहिलेल्या सांपडल्या; त्या खतावणींत चढविल्या गेल्याच नव्हत्या. एकंदर १,०९८ रुपये! त्या काळीं आमच्या घरीं तेवढ्या पैशांत कित्येक महिने चूल पेटली असती. सावकारानें तीनही नोंदी चढविल्या आणि ३५४ रुपये घेतले. आईनें कोणासही दोष दिला नाहीं. आंकडा नीट झाला, एवढें तिला पुरे होतें. वाटेनें येतांना ती इतकेंच म्हणाली, “माजी रेघ खरी होती, पर ती बोलत नव्हती. तूं तिला बोलायला लावलंस.”

त्या दिवशीं दोन गोष्टी आमच्या ध्यानांत आल्या. एक ही कीं, आईची रेघ नसती तर आमच्या सूत्रास कांहीं करतां आलें नसतें. तिनें दर महिन्यास न चुकतां, न विसरतां मोजलें होतें. ज्यांना शाळा लाभली नाहीं असे पुष्कळ आईबाप अशा खऱ्या रेघा ओढीत असतात. त्यांच्या मुलांनीं त्यांस अडाणी समजूं नये. दुसरी ही कीं, नुसती तक्रार आणि हिशेब यांत फार अंतर आहे. “आंकडा चुकला” असें म्हणणारास लोक हंसतात, “आंकडा नवव्या जागेचा आहे, बाराव्या जागेचा नाहीं, आणि मधल्या तीन नोंदी कोठें आहेत?” असें विचारणारापुढें वही उघडावी लागते.

तथापि एक इशारा देणें अवश्य आहे; कारण सूत्राची गोडी लागलेला विद्यार्थी वाटेल तेथें तें लावूं लागतो. चार पदें सारख्या अंतरावर दिसलीं म्हणून पांचवेंही तसेंच येईल, असें समजूं नये. १८८४, १८८८, १८९२, १८९६ हीं चार लीप वर्षें. मग १९०० हेंही लीप वर्ष असावें, असें कोणासही वाटेल. पण तें नव्हतें. ग्रेगरीच्या पंचांगाप्रमाणें, म्हणजे १५८२ पासून, ज्या शतकवर्षास ४०० नीं निःशेष भाग जात नाहीं तें लीप वर्ष धरीत नाहींत. हरिद्वारच्या कुंभमेळ्याचें पहा. १९३८, १९५०, १९६२, १९७४, १९८६, १९९८, २०१० अशीं बारा बारा वर्षांनीं तो भरला. पुढचें पद सूत्रानें २०२२ येतें. परंतु मेळा भरला २०२१ मध्यें. कारण मेळ्याचा काळ गुरु ग्रहाच्या गतीवर ठरतो, आणि गुरूची सूर्याभोंवतीं एक प्रदक्षिणा बारा वर्षांत नव्हे, तर सुमारें ११.८६ वर्षांत पुरी होते. अशा सात प्रदक्षिणांस सुमारें ८३ वर्षें लागतात. १९३८ पासून २०२१ पर्यंतचीं वर्षें मोजून पहा, तीं बरोबर ८३ भरतात. पदें दिसतात ती वरची खूण आहे. तीं पदें ज्या कारणानें उपजतात तें कारण हाच खरा नियम होय. आमच्या हप्त्यांत दरमहा सहा रुपये कां कमी होतात, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणूनच बाराव्या पदाविषयीं खात्रीनें बोलतां आलें.

कारण जाणणाराचें उदाहरण पहावयाचें तर एडमंड हॅली याचें पहावें. १५३१, १६०७ आणि १६८२ या वर्षीं दिसलेले धूमकेतु तीन नसून एकच आहे, असें त्यानें १७०५ मध्यें प्रसिद्ध केलें. अंतरें ७६ आणि ७५ वर्षें. म्हणजे शुद्ध श्रेढी नव्हे. परंतु गुरूसारख्या मोठ्या ग्रहाच्या ओढीनें धूमकेतूच्या फेरीस कमी-अधिक काळ लागतो, हें तो जाणून होता. १७५८ च्या सुमारास धूमकेतु परत येईल, असें भाकित करून तो १७४२ मध्यें वारला. १७५८ च्या नाताळाच्या रात्रीं जर्मनींतील ड्रेस्डेन शहराजवळच्या पालिट्श नांवाच्या एका शेतकऱ्यास तो धूमकेतु दिसला. हॅलीनें पुढचें पद स्वतः पाहिलें नाहीं. तरी तें त्याला ठाऊक होतें.

विद्यार्थ्यांनो, सूत्र पाठ करा. पण ‘एक वजा’ कां, हें कोणी झोंपेंतून उठवून विचारलें तरी सांगतां आलें पाहिजे. आणि पालकांस आमची एक सूचना आहे. घरांत हप्ता असेल, भिशी असेल, दुधाचा किंवा वाण्याचा हिशेब असेल, तर तो मुलांपासून लपवूं नये; महिन्यांतून एकदां त्यांच्यापुढें मांडावा आणि पुढच्या महिन्याचा आंकडा त्यांस आधीं सांगावयास लावावें. मुलांस गणित येईल आणि घरच्या कष्टाची किंमतही कळेल.

शेवटीं एक उदाहरण सुटीकरितां देतों. वर सांगितलेल्या कर्जाचा विसावा हप्ता किती रुपयांचा होता, आणि वीस महिन्यांत आमच्या आईनें एकंदर व्याज किती भरलें? पदें लिहून काढूं नका. ज्यांचें उत्तर ३०६ आणि १,२६० असें येईल, त्यांनीं तें कसें आलें हें घरांतील एखाद्या वडील माणसास, पाटीपेन्सिल न घेतां, तोंडीं समजावून सांगावें. त्यांस तें पटलें, तर हें प्रकरण तुम्हांस आलें असें समजावें.